भरीव

ठकी भिंती वाजवायची. बाई, तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की ती हेच सांगायची, आणि विचारणारा हसला की तीही हसायची. पण काम खरंच तेवढंच होतं. जुन्या इमारतींच्या भिंतींवर झिलईच्या फरशा असतात, त्या आतून सुटतात. वरून बघावं तर फरशी जागच्या जागी, रंग तसाच, वेल तशीच. आत मात्र विटेला धरून ठेवणारा चुना कधीचा माती होऊन गेलेला. डोळ्यांना ते कळत नाही. बोटाच्या पेरानं टकटक केलं की कळतं. धरून असलेली फरशी भरीव वाजते, तोंड मिटून कुणी 'हं' म्हणावं तशी. सुटलेली फरशी रिकाम्या डब्यासारखी पोकळ वाजते. भरीव म्हणजे निरोगी, पोकळ म्हणजे आजारी. लहानपणी दादानं तिला एवढंच शिकवलं होतं आणि एवढ्यावर तिचं आयुष्य निघालं होतं. ठकी हे नावही त्यानंच पाडलेलं. सारखी ठकठक करते म्हणून ठकी. केस पिकायला लागले, तरी नाव काही मोठं झालं नाही.

दादा फरशा भाजायचा, ठकी बसवायची. भट्टी घराच्या मागेच होती. तिच्या धुरानं आणि झिलईच्या भुकटीनं दादाची छाती अलीकडे कुरकुरायला लागली होती. वहिनी म्हणायची, "यांनी भट्टीला जितकं फुंकलंय, तितकं माझ्याशी गोड बोलले असते ना, तर मी राणी झाले असते." दादा खोकत खोकत हसायचा. संध्याकाळी ठकी दारात आली की त्याचा प्रश्न ठरलेला.

"भिंत काय म्हणते, ठकी?"

"भरीव आहे, दादा."

"मग छान!"

मग चहा. वर्षानुवर्षं असंच चाललेलं.

या वेळची भिंत मशिदीची होती, आणि मशीद सगळी विटांची. त्या मुलखात दगडच नव्हता. नदीनं आणून टाकलेला गाळ तेवढा होता, आणि बांधणाऱ्यांनी त्या चिखलातूनच सगळं उभं केलं. बोटभर जाडीच्या विटा, विटांचेच खांब, विटांच्याच कमानी. घुमटाखाली उभं राहून वर बघितलं तर विटांची वर्तुळं एकात एक फिरत टोकापर्यंत जायची आणि मान दुखली तरी नजर खाली यायची नाही. त्या तांबड्या अंगावर फरशांचे पट्टे होते. निळे, त्याहून गडद निळे, पांढरे, आणि मधेच पिकल्या लिंबासारखा पिवळा. चांदण्यांच्या ओळी, कमळासारखी फुलं, एकमेकांत गुंतलेल्या वेली. वर काळोखात, जिथे कुणाची नजर पोचणार नाही, तिथल्या पानांचीसुद्धा शीर न् शीर काढलेली. ठकी पहिल्यांदा परांचीवर, कामासाठी बांधलेल्या बांबू-फळ्यांच्या मचाणावर, चढून तिथवर पोचली तेव्हा तिला भरून आलं होतं. हे कुणी बघावं म्हणून केलेलंच नव्हतं. बघणारा एकच, आणि त्याला अंधाराचं वावडं नाही.

ज्या कमानदार कोनाड्याकडे तोंड करून सगळे नमाजाला उभे राहतात, तो मेहराब. त्याच्या शेजारी जमिनीपासून वरपर्यंत फरशांचा एक उभा पट्टा होता. खाली कुंडी, कुंडीतून निघालेला सरळ देठ, दोन्ही अंगांना पानं. हा पट्टा म्हणजे ठकीच्या घरचाच म्हणायचा. ती आणि दादा शाळेत होते तेव्हा बाबांनी तो सगळा उतरवून पुन्हा बसवला होता. शाळेला सुट्टी, म्हणून पोरं कामावर. फरशी टेकवायच्या आधी तिच्या जागेवरची धूळ उडवायला फुंकर मारायची, हे काम पोरांचं. वरच्या ओळींना दादा, शिडीवर उभा राहून, गाल फुगवून. खालच्या ओळी ठकीच्या, कारण तिचं तोंड तेवढंच पोचायचं.

"फुंकर पोटातून मारा रे, नुसती ओठांतून नको," बाबा म्हणायचे. "श्वास देताना हात आखडायचा नाही. देणाऱ्यानं आपल्याला मोजून दिलाय का?"

आणि पोरं लाल होईपर्यंत फुंकायची.

भूकंपाचा एक हलका धक्का बसला आणि त्या पट्ट्याला फुगवटा आला. कामावरचे साहेब म्हणाले, पोकळी ठेवायची नाही, खाली माणसं उभी राहतात. म्हणणं बरोबरच होतं. तेवढ्या भागापुढे दोरी बांधली आणि ठकीनं वाजवायला सुरुवात केली.

पोकळ भागाच्या कडेनं ती खडूची रेघ ओढत जायची. रेघ पुरी झाल्यावर ती खाली उतरली आणि लांब जाऊन बघू लागली. देठाच्या दोन्ही अंगांना दोन उभे, लांबट आकार झाले होते. वर निमुळते, खाली रुंद. उजवीकडचा किंचित लहान, आतल्या कडेला कुणी चावा घेतल्यासारखा.

मशिदीची झाडलोट, किल्ल्या आणि बांग, तिन्ही ज्यांच्याकडे, ते चाचा झाडू टेकून शेजारी उभे राहिले. माणूस काडीसारखा आणि आवाज घुमट भरून टाकणारा. हे आवाज ठेवतात कुठे, असं ठकीला नेहमी वाटायचं.

"फुलपाखरू काढलंत का?" चाचांनी विचारलं.

"मी कुठे काढलंय? भिंतीनं काढलंय. मी फक्त गिरवलं."

"मग भिंतीला चित्रकला शिकवायला हवी. एक पंख लहान झालाय."

दोघं हसले. पण चाचा झाडायला परत गेले नाहीत. रेघेकडे बघतच राहिले. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होते, असं ठकीला वाटलं.

सुटलेली फरशी धरायची रीत अशी, की दोन फरशांच्या सांध्यात बारीक भोक पाडायचं, आत पाणी सोडून धूळ बसवायची, आणि मग पिचकारीनं पातळ चुना सोडायचा. त्याला ही मंडळी भरण म्हणत. भोक पाडल्यावर ठकीनं सवयीनं त्याच्या तोंडाजवळ बोट धरलं. बोटाला ऊब लागली. तिनं पदराचा एक दोरा ओढून भोकापाशी धरला. दोरा बाहेर उडाला, थोडा थांबला, आत ओढला गेला. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. बाहेर वारा असेल, भिंतीत कुठे तडा असेल, असं म्हणून तिनं दोरा टाकून दिला. मशिदीबाहेर त्या दुपारी झाडाचं पान हलत नव्हतं, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

पायथ्याशी ओल होती, म्हणून पहिलं भरण तिनं विटेची भुकटी घालून केलं. ते हवेशिवायही धरतं आणि एकदा धरलं की दगड होतं. ते आत गेलं आणि गडप झालं. पिचकारीमागून पिचकारी, बादली रिकामी झाली, तरी पोकळीचा तळ काही लागेना.

"भिंतीला भूक लागलीय," चाचा म्हणाले.

"जुना एखादा नळ गेला असेल आतून," ठकी म्हणाली. "पण सगळं गेलं कुठे, कळत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं साधं भरण घेतलं, नुसत्या चुन्याचं, सावकाश धरणारं. हे मात्र राहिलं. हळूहळू खालून वर चढायला लागलं. परांचीवरून उतरताना तिला धाप लागली. वय झालं, असं म्हणून ती पायरीवर जरा टेकली.

त्या संध्याकाळी दादानं भिंतीबद्दल विचारलं नाही. तो पलंगावर उशांना टेकून बसला होता, आणि आडवं झालं की जीव घाबरतो, असं सांगत होता.

"लहानपणी झालं होतं ना एकदा असं," तो थांबत थांबत म्हणाला. "आपण दोघं एका अंथरुणावर. तू खोकलीस की मी, मी खोकलो की तू. बाबा म्हणायचे, जुगलबंदी चाललीय."

"आणि मग एका दिवसात दोघं उड्या मारायला लागलो."

"हो, एका दिवसात." त्यानं तिच्याकडे बघितलं. "पण तू का धापा टाकतेस गं? आजारी मी आहे. माझी मक्तेदारी आहे ती."

वहिनी हसली नाही, म्हणून ठकीही हसली नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दादाचा सदरा वर केला, डाव्या हाताचं बोट त्याच्या पाठीवर आडवं ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर टकटक करायला लागल्या. वरून खाली, एकेक बरगडी सोडत. ठकी बघतच राहिली. अगदी तिचाच हात, तिचीच रीत. कान कसा द्यायचा, तेही तसंच, मान जराशी कलती करून. वर पोकळ वाजत होतं. खाली आल्यावर आवाज बदलला. ठकीनं तो डॉक्टरांच्याही आधी ओळखला.

"खाली भरीव लागतंय," डॉक्टर म्हणाल्या.

"वा, मग छान!" ठकी म्हणाली.

वहिनीनं तिच्याकडे असं बघितलं, जणू तिला वेड लागलंय. डॉक्टर भल्या होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "ताई, छातीत हवा असायला हवी. छाती पोकळच वाजायला हवी. भरीव म्हणजे आत काहीतरी साचलंय."

ठकीचं तोंड तसंच राहिलं. आयुष्यभर जो शब्द ऐकून ती घरी जाऊन चहा प्यायली, तो शब्द उलटा होऊन समोर उभा होता.

मग डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाच्या काचेवर लावला. दोन उभे, लांबट आकार, मधून कण्याचा देठ. वर निमुळते, खाली रुंद. उजवीकडचा किंचित लहान, आतल्या कडेला कुणी चावा घेतल्यासारखा. आणि दोन्हींच्या तळाशी पांढरं, सपाट रेघेनं वर चढत आलेलं. ती रेघ ठकीच्या ओळखीची होती. आदल्या दिवशी तिथवर भरून ती घरी आली होती.

"सगळ्यांच्याच छातीचा आकार असा असतो का हो?" तिनं विचारलं.

"साधारण असाच."

ते ऐकून तिला क्षणभर हायसं वाटलं. माणसाचं मन असं असतं, बुडताना काडी दिसली तरी तिची लांबी मापत नाही.

पाठीतून सुई घालून पाणी काढलं. बाटलीत आलं ते दुधासारखं पांढरट होतं. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, तपासायला पाठवते म्हणाल्या. सुई काढताना एक थेंब पलंगाच्या कडेवर सांडला. ठकीनं तो बोटावर घेतला आणि अंगठ्यानं चोळला. आधी बुळबुळीत लागला, मग करकर, आणि मग कातडीला कोरडी ओढ. ती ओढ तिला कुणी सांगायला नको होती. तिनं हात पदराला पुसला. तपासणीत काही निघालं नाही. दादाला दवाखान्यातच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत पांढरी रेघ होती तिथेच होती.

घरात देवापुढे बसून तिनं सांगायचा प्रयत्न केला, पण काय मागायचं तेच कळेना. भिंत राहू दे म्हणावं तर दादा, दादा राहू दे म्हणावं तर भिंतीखाली उभी राहणारी माणसं. तीही कुणाची तरी दादाच. शेवटी ती नुसतीच म्हणाली, तुला दिसतंय ना? आणि उठली.

साहेबांचा निरोप आला होता. भरण अर्धवट का सोडलंय? दोरी कधी सुटणार?

ठकी भोळी नव्हती. भास म्हणजे काय, योगायोग म्हणजे काय, हे तिला कळत होतं. म्हणून तिनं ठरवलं, खात्री करून घ्यायची. सकाळच्या उजेडात, पूर्ण जागेपणी. ती परांचीवर चढली, मधे दोनदा थांबली, आणि वहिनीला फोन लावला.

"वहिनी, तू दादाजवळ आहेस ना? फोन चालू ठेव. तो कसा श्वास घेतोय, तेवढं सांगत राहा."

"काय खूळ भरलंय तुझ्या डोक्यात? बरे आहेत. बसलेत."

"सांगत राहा गं, माझे आई."

तिनं फोन परांचीच्या फळीवर ठेवला, पिचकारीचं टोक भोकात घातलं, आणि जीव मुठीत धरून थोडंसं दाबलं. अगदी थोडंसं.

"हं, पाणी मागतायत," फोनमधून वहिनी म्हणाली. "देते. थांबा हो, आधी... अहो? ठकी, अगं हे... अहो, इकडे बघा! ठकी, ओठ निळे..."

ठकीनं पिचकारी ओढून काढली आणि फेकून दिली. ती विटांच्या जमिनीवर आपटली तो आवाज घुमटात फिरून परत आला. फोनमधे वहिनी परिचारिकेला हाका मारत होती. दूर कुठेतरी, चिखलातून पाय ओढावा तसा, दादाचा श्वास ऐकू येत होता.

तिच्याच हातानं. स्वतःच्या हातानं तिनं ते केलं होतं.

खाली चाचा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते शिडीचा दांडा धरून हळूच म्हणाले, "तुमच्या वडलांनीही इथे भरायला घेतलं होतं. पट्टा बसवला, त्यानंतर थोड्याच दिवसांनी. कुठे पोकळ वाजतंय म्हणाले. एक दिवस भरलं, आणि दुसऱ्या दिवशी धावत आले. केस विस्कटलेले, पायांत चपला नाहीत. सगळं खरवडून काढलं. मी पोरगाच होतो, अब्बांबरोबर झाडायला यायचो. अब्बांनी विचारलं, मेहनत का वाया घालवता? तर म्हणाले, माझी पोरं लहान आहेत."

"एवढंच?"

"एवढंच. मला वाटलं, मजुरीबद्दल बोलतायत." चाचांनी खडूच्या रेघांकडे बघितलं. "फुलपाखरू नाही ना ते?"

"नाही, चाचा."

"काढा मग. काय असेल ते काढा."

"भिंत कच्ची राहील. खाली माणसं..."

"माणसांना मी बघतो. दोरी राहील तिथे. रांगा मागे लावू. साहेबांना सांगेन, पुढच्या दाराची किल्ली हरवली. या वयात किल्ली हरवण्याचा हक्क आहे मला."

ठकीनं देठाजवळच्या चार फरशा सांध्यातून कापून सोडवल्या आणि एकेक करून खाली चाचांच्या हातात दिल्या. चाचांनी त्या झोपलेल्या बाळासारख्या उपरण्यावर ठेवल्या. आत भरण होतं, ओलं, दह्यासारखं थिजलेलं. साधा चुना. अजून धरला नव्हता.

ती लांब दांड्याच्या पळीनं खरवडायला लागली.

पांढरे गोळे जमिनीवर पडत होते. तिचे हात पोळले, तिला भान नव्हतं. कान फोनकडे होता.

"अजून तसेच आहेत," वहिनी रडत होती.

पळी आत. गोळा बाहेर.

"डॉक्टर आल्यात."

पळी आत. खांदा भिंतीला टेकवून, हात कोपरापर्यंत. आत ऊब होती. बोटांना काहीतरी आपल्याकडे येतंय, परत जातंय, असं लागत होतं.

"ठकी..."

ती थांबली.

"ठकी, अगं, आवाज थांबला. तो घरघर आवाज थांबला."

तिनं आणखी खोल हात घातला. कड्याकोपऱ्यातला शेवटचा ओला चुना नखांनी ओढून काढला. भोकातून तिच्या तोंडावर वाऱ्याचा एक लांब झोत आला, आणि त्याच क्षणी फोनमधून दादानं सोडलेला मोठा सुस्कारा ऐकू आला. दोन्ही एकदम सुरू झाले आणि एकदमच संपले.

"चहा मागतायत," वहिनी म्हणाली. ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "मेला चहा मागतायत!"

ठकी परांचीवर बसली आणि तिनं भिंतीला डोकं टेकलं. कुणाचं घर, कुणाचा देव, असला विचार तिच्या मनात आला नाही. तिनं तिथेच हात जोडले. खाली चाचांनी दोन्ही तळवे उघडून तोंडावरून फिरवले.

दादा घरी आला. डॉक्टरांनी पाठीवर वरपासून खालपर्यंत टकटक केली आणि म्हणाल्या, "छान पोकळ." ठकीला तो शब्द ऐकायची अजून सवय व्हायची होती.

भिंतीचं काम मात्र राहिलं होतं. सुटलेल्या फरशांना बाहेरून आधार हवा. तिनं लाकडी चौकट करून घेतली, आतून जाड लोकर लावली, म्हणजे फरशांना ओरखडा जायला नको. चौकट पट्ट्याच्या छातीवर घट्ट बसली. तिचे पाय खालच्या ओळींतल्या कुंडीच्या कडेवर टेकले. सगळ्या वेलीचा भार आता त्या खालच्या ओळींवर होता.

चाचा दोरीची गाठ पक्की करत होते. "पेलेल ना?" त्यांनी विचारलं.

"बघते वाजवून."

गुडघ्यांवर बसायलाही तिला दम लागला. या सगळ्या धावपळीत झोप कुठे झाली होती! तिनं सगळ्यात खालच्या फरशीवर पेर टेकवलं.

भरीव.

शेजारची. भरीव. त्याच्या वरची. भरीव, अगदी दगडासारखी.

"उत्तम!" ती म्हणाली. "चाचा, पहिल्या दिवशीचं भरण सापडलं. सगळं इथे खाली उतरलंय. खालीही पोकळी होती, आणि मला पत्ताच नव्हता. दगड झालाय त्याचा. हत्ती उभा केला तरी पेलेल."

"शुक्र आहे," चाचा म्हणाले आणि पाणी आणायला गेले.

सवयीनं तिनं खडू घेतला. दगडासारखा आवाज कुठे संपतो आणि बाबांच्या जुन्या चुन्याचा मऊ आवाज कुठे सुरू होतो, ते बघत ती रेघ ओढू लागली. टकटक, रेघ. टकटक, रेघ. कुंडीच्या एका अंगाला, मग दुसऱ्या अंगाला. मग ती गुडघ्यांवरच जरा मागे सरकली.

दोन उभे, लांबट आकार. वर निमुळते, खाली रुंद. उजवीकडचा किंचित लहान, आतल्या कडेला कुणी चावा घेतल्यासारखा. वरच्यांसारखेच, फक्त छोटे. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या छातीएवढे.

'माझी पोरं लहान आहेत,' बाबा म्हणाले होते. पोरगा लहान आहे, असं म्हणाले नव्हते.

तिनं छिन्नी घेऊन सांध्यात घातली. पहिल्या घावाला छिन्नी नुसती वाजून परत आली. दुसऱ्या घावाला वर चौकट किंचित कुरकुरली, आणि वेलीच्या पानांमधून बारीक धूळ तिच्या हातावर पडली. तिनं वर बघितलं. वर दादाचा सगळा श्वास त्या लाकडाच्या आधारावर उभा होता आणि लाकूड या ओळींवर.

तिनं छिन्नी पिशवीत ठेवली. फडकं ओलं केलं. चाचा यायच्या आत दोन्ही रेघा पुसून टाकल्या.

घरी जाताना ती वाटेतल्या एका पायरीवर बसली. समोर माणसं जात येत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं डॉक्टरांसारखं डावं बोट बरगड्यांवर आडवं ठेवलं, उजव्या बोटानं त्यावर टकटक केली आणि मान जराशी कलती केली.

तोंड मिटून कुणी 'हं' म्हणावं, तसा आवाज आला.

दादा दारातच खुर्ची टाकून बसला होता. गालांवर रंग आला होता. आत वहिनी त्याला दटावत होती आणि तो तिला तिच्याच आवाजात वेडावत होता. ठकीला बघून त्यानं मोठ्यानं हाक मारली. किती दिवसांनी त्याचा असा खणखणीत आवाज तिच्या कानांवर पडत होता.

"भिंत काय म्हणते, ठकी?"

ती चौकटीला हात धरून उभी राहिली. एका वाक्यापुरता श्वास गोळा होईपर्यंत थांबली.

"भरीव आहे, दादा."

"मग छान!" दादा म्हणाला.